वाडीतील दाटलेल्या बेटांची विभागणी : पऱ्हे आणि रोवणी यांच्यामधील तीन आठवडे

गोंदिया जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे त्याचे आठ तालुके. वर्षाकाठी सरासरी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस, वैनगंगा, वाघ आणि चुलबंद या नद्यांचे पाणी व जुन्या मालगुजारी तलावांची साखळी यांमुळे येथील शेतीचा सारा संसार धानाभोवती फिरतो. परंतु शेतीच्या बांधीपलीकडे, घराच्या मागील अंगाला, आणखी एक छोटी शेती असते. ती म्हणजे घरची वाडी.

या वाडीत न्हाणीच्या पाण्यावर वाढणारी कर्दळ असते, कोचईचे म्हणजेच अळूचे ताटवे असतात, केळीचे बेट असते, हळद व आले असते. तुळशीवृंदावनाजवळ शेवंती आणि निशिगंध, कुंपणाशी गवती चहा, आणि वाडीच्या टोकाला बांबूचे एखादे बेट असते. यांतील बहुतेक झाडे कोणी विकत आणलेली नसतात. माहेराहून, शेजारून किंवा मंडईहून येताना नातेवाइकांकडून आणलेल्या एका कंदापासून वा एका ठोंबापासून ती वाढलेली असतात. घरातील भाजी, औषध, पूजेची फुले आणि वेळप्रसंगी बाजारात विकण्याजोगा थोडा माल ही वाडी पुरविते. तिची देखभाल बहुधा घरातील स्त्रियाच करतात.

अशा वाडीत काही वर्षांनी एक तक्रार ऐकू येते. निशिगंधाला नुसती पातच येते, दांडा येत नाही. कर्दळीची फुले लहान झाली. गवती चहा मधोमध वाळला. केळीचा घड पूर्वीसारखा भरत नाही. जमिनीचा कस गेला किंवा झाड म्हातारे झाले, असा निष्कर्ष काढून ते झाड उपटून टाकण्यात येते आणि पिढ्यांपासून जपलेले वाण त्या घरातून नाहीसे होते. वास्तविक अशा बहुतेक प्रसंगी झाड मरणपंथाला लागलेले नसते. त्याची दाटी झालेली असते, आणि दाटीवर विभागणी हा बिनखर्चाचा उपाय आहे.

बेट मधून का वाळते

बहुवर्षायू झाडांचा एक मोठा वर्ग बियांपेक्षा जमिनीखालील कंद, गड्डे किंवा फुटवे यांच्या साहाय्याने पसरतो. कर्दळीचा गड्डा जमिनीत आडवा वाढतो. त्याचा नवा डोळा नेहमी पुढच्या, बाहेरच्या टोकाला येतो. गवती चहाचा नवा फुटवा जुन्या फुटव्याच्या बाजूला निघतो. अशा रीतीने दरवर्षी बेट मध्यापासून परिघाकडे सरकत जाते. तीन-चार वर्षांनी मधल्या भागात केवळ जुनी, डोळे नसलेली, कठीण झालेली मुळे व गड्डे उरतात. तेथील अन्नांश आधीच्या फुटव्यांनी शोषून घेतलेला असतो. दाट मुळांमुळे पावसाचे वा ओलिताचे पाणी आत मुरत नाही, हवा खेळत नाही, कुजलेला पाला साचतो आणि त्यात वाळवी किंवा बुरशी शिरकाव करते. बाहेरचे फुटवे मात्र तरुण व जोमदार असतात.

याचा अर्थ असा की, म्हातारपण संपूर्ण झाडाला आलेले नसून ते फक्त मध्यभागाला आलेले असते. कडेचा तरुण भाग वेगळा करून मोकळ्या, खत घातलेल्या जमिनीत लावला, तर तेच वाण पुन्हा पहिल्या वर्षासारखे वाढू लागते. विभागणीमागील सारे शास्त्र एवढेच आहे.

दाटी झाल्याची लक्षणे ओळखणे कठीण नाही. बेटाच्या मध्यभागी रिकामे किंवा वाळलेले वर्तुळ दिसणे, फुलांची संख्या व आकार घटणे, पाने आखूड व फिकट होणे, गड्डे किंवा मुळे जमिनीच्या वर उचलली जाणे आणि घातलेले पाणी आत न जाता बाजूने वाहून जाणे ही ती लक्षणे होत. यांपैकी दोन लक्षणे एकत्र दिसली, तर पुढील हंगामात विभागणी करावयास हवी असे समजावे.

योग्य वेळ कोणती

विभागणीचा सर्वसाधारण नियम असा आहे की, झाड फुलून गेल्यानंतर आणि नवी वाढ जोमाने सुरू होण्यापूर्वी ते हलवावे. फुलण्याच्या काळात झाडाची शक्ती फुलांकडे वळलेली असते. त्या वेळी मुळे तोडल्यास फुलेही जातात आणि नवी मुळेही लवकर फुटत नाहीत.

परंतु या नियमाला स्थानिक हवामानाची जोड द्यावी लागते. बागकामावरील इंग्रजी पुस्तकांत वसंत आणि शरद हे विभागणीचे दोन ऋतू सांगितलेले असतात. ती पुस्तके थंड देशांसाठी लिहिलेली असून तेथे झाडाचा मुख्य शत्रू हिवाळ्यातील गोठवणारी थंडी हा असतो. पूर्व विदर्भात झाडाचा मुख्य शत्रू मे महिन्यातील ऊन हा आहे. त्या वेळी तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. मार्च-एप्रिलमध्ये वेगळे केलेले कोवळे ठोंब पाण्याची हमी नसेल तर मे महिन्यात हमखास जळतात. उलट, जुलै-ऑगस्टमध्ये संततधार पावसात गड्डे कापल्यास कापलेल्या जागेतून कूज शिरते. कन्हार जमिनीत, जेथे पाणी दिवसचे दिवस तुंबते, तेथे हा धोका विशेष असतो.

या दोन संकटांच्या मधला काळ, म्हणजे जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ, या जिल्ह्यातील बहुतेक झाडांच्या विभागणीस सर्वांत अनुकूल होय. मृगाच्या सरींनी जमीन वीतभर ओली झालेली असते, हवेत दमटपणा आलेला असतो, आभाळ झाकोळलेले असते आणि पानांतून होणारे बाष्पीभवन कमी झालेले असते. तोडलेल्या मुळांना नवी मुळे फुटेपर्यंत झाड तग धरू शकते.

अडचण अशी की, हाच काळ धानाच्या कामाचा असतो. रोवणी सुरू झाली की पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत घरातील सारी माणसे, विशेषतः स्त्रिया, बांधीत वाकलेली असतात. वाडीकडे पाहण्यास कोणालाच उसंत नसते. रोवणी आटोपून वाडीत पाऊल टाकावे तो ऑगस्ट उजाडलेला असतो आणि विभागणीची वेळ निघून गेलेली असते. पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणून काम टळते. अशी तीन-चार वर्षे गेली की बेट वाळते. कामाच्या तारखा जुळत नाहीत, हेच वाडीतील अनेक वाण नष्ट होण्याचे खरे कारण होय.

यातून वाट काढता येते. धानाचे पऱ्हे टाकल्यापासून ते रोवणीयोग्य होईपर्यंत साधारणतः २१ ते २५ दिवस लागतात. चिखलणी, धुऱ्यांची डागडुजी वगैरे कामे या काळात चालू असली, तरी रोवणीइतकी घाई नसते. याच तीन आठवड्यांत वाडीची विभागणी उरकावी. पऱ्हे टाकण्याचा दिवस हाच वाडीच्या कामाचा आरंभ मानला, तर वेगळे पंचांग पाहण्याची गरज उरत नाही. पाऊस लांबला आणि पऱ्हे उशिरा टाकावे लागले, तर वाडीचे कामही आपोआप पुढे सरकते व ते योग्यच असते, कारण दोहोंना लागणारी ओल एकच आहे.

पूर्वतयारी

विभागणीच्या कामापेक्षा तयारीच अधिक महत्त्वाची ठरते. नवीन जागा आधी तयार नसेल तर उपटलेले ठोंब उन्हात पडून राहतात आणि निम्मे वाया जातात. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस, सकाळच्या वेळी, नव्या जागेची खोदाई करून ती उन्हात तापू द्यावी. जमिनीच्या प्रकाराप्रमाणे तयारी करावी. कन्हार व मोरांड जमिनी पाणी धरून ठेवतात. तेथे वीतभर उंचीचे गादीवाफे किंवा वरंबे करावेत, म्हणजे गड्ड्यांभोवती पाणी साचणार नाही. सिहार व बर्डी जमिनी हलक्या असतात. त्यांत पाणी टिकत नाही, म्हणून चांगले कुजलेले शेणखत भरपूर मिसळावे. ताजे शेण कदापि घालू नये. त्याच्या उष्णतेने जखमी मुळे जळतात आणि वाळवी आकृष्ट होते.

अवजारे म्हणून सब्बल, कुदळ, फावडे, धारदार कोयता किंवा सुरी आणि भिजविलेले गोणपाट एवढे साहित्य पुरेसे आहे. पाते धारदार असणे अत्यावश्यक होय. बोथट पात्याने गड्डा कापला जात नाही, तो चेचला जातो, आणि चेचलेली जागा भरून येत नाही.

विभागणीची रीत

ढगाळ दिवस किंवा सायंकाळची वेळ निवडावी. पाऊस झालेला नसल्यास आदल्या दिवशी बेटाला भरपूर पाणी द्यावे. काम सुरू करताना प्रथम पात किंवा दांडे जमिनीपासून एक वीत ठेवून छाटावेत. मुळे कमी होणार असल्याने त्यांच्यावरील पानांचा भारही कमी करणे आवश्यक असते. पानांचा मोह धरून ती तशीच ठेवल्यास झाड पाणी गमावते व कोमेजते.

त्यानंतर बेटापासून अर्धा फूट अंतर सोडून चारही बाजूंनी खोदावे आणि सब्बलेच्या साहाय्याने खालून उचलून संपूर्ण बेट बाहेर काढावे. दांड्याला धरून ओढू नये. माती झटकली किंवा पाण्याने धुतली म्हणजे फुटव्यांचे नैसर्गिक सांधे स्पष्ट दिसतात. शक्यतो हातानेच ते सांधे मोकळे करावेत. गवती चहासारखे घट्ट बेट असेल, तर दोन फावडी पाठीला पाठ लावून मध्यभागी रोवावीत व दांडे परस्परांपासून दूर दाबावेत. बेट फाटून दोन भाग होतात. अगदी जुने, लाकडासारखे झालेले बेट कुऱ्हाडीने तोडण्यास हरकत नाही.

परिघावरील तरुण भाग लावणीसाठी घ्यावा. मधला जुना भाग टाकून द्यावा. बेटातील सर्वांत मोठा व जड भाग हाच असल्याने तो ठेवण्याचा मोह होतो, परंतु त्यात डोळे नसतात. प्रत्येक नव्या भागाला स्वतःची मुळे व किमान दोन-तीन जोमदार फुटवे किंवा डोळे असावेत. अधिक रोपे मिळावीत म्हणून फार लहान तुकडे करणे नुकसानीचे ठरते. असे तुकडे जगले तरी त्यांना फुलावर येण्यास एक वर्ष अधिक लागते.

मऊ, काळे पडलेले किंवा दुर्गंधी येणारे भाग निरोगी जागेपर्यंत कापून काढावेत. मांसल गड्ड्यांच्या कापलेल्या बाजूला चुलीची राख लावण्याची जुनी पद्धत आहे. कुजीचा प्रादुर्भाव आढळला असल्यास एक लिटर पाण्यात तीन ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून त्या द्रावणात गड्डे बुडवून सावलीत सुकवावेत व मगच लावावेत. लावणी होईपर्यंत तंतुमुळे असलेले ठोंब ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवावेत.

लावणी पूर्वीइतक्याच खोलीवर करावी. माती पायाने हलकेच दाबून मुळांभोवतीच्या पोकळ्या बुजवाव्यात आणि पाऊस नसल्यास लगेच पाणी द्यावे. उघडीप पडली, तर आठवडाभर पळसाच्या डहाळ्यांची सावली करावी. धानाचे तणस असल्यास पातळ थर पसरावा. नवे पान दिसेपर्यंत, म्हणजे सुमारे १५ ते २० दिवस, रासायनिक खत देऊ नये.

झाडांप्रमाणे वेळापत्रक

सर्वच झाडे जूनमध्ये हलविता येत नाहीत. म्हणून वाडीतील काम तीन टप्प्यांत विभागणे सोयीचे ठरते.

पहिला टप्पा फेब्रुवारी-मार्चचा होय. शेवंती ही दिवस लहान होऊ लागले म्हणजे कळीवर येणारी वनस्पती आहे. हिवाळ्यात तिचा बहर ओसरला की दांडे जमिनीपासून वीतभर उंचीवर छाटावेत. थोड्याच दिवसांत बुडाशी नवे फुटवे निघतात. मुळांसह हे फुटवे वेगळे करून लहान कुंड्यांत किंवा सावलीच्या वाफ्यात लावावेत. उन्हाळाभर त्यांना न्हाणीजवळच्या ओलाव्यावर जगवावे आणि पावसाळ्याच्या आरंभी कायम जागी न्यावे. मूळ झाड तसेच ठेवून त्याच्यापासून दुसऱ्या वर्षी तशाच फुलांची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

हळद व आले यांची काढणी याच सुमारास होते. वाडीत ही पिके पुष्कळदा वर्षानुवर्षे न काढता राहू देतात. त्यामुळे गड्डे एकमेकांत दाटून सडतात. दरवर्षी पाला वाळल्यावर संपूर्ण ताटवा खणून काढावा. हळदीचे जेठे गड्डे बेण्यासाठी वेगळे काढून कोरड्या, हवेशीर सावलीत ठेवावेत व हळकुंडे घरखर्चास वापरावीत. आल्याच्या बेण्याच्या प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे असावेत. दोन्हींची लावणी मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत वरंब्यावर करावी.

दुसरा टप्पा एप्रिल-मेचा. निशिगंध मूळचा मेक्सिकोतील असून आता तो महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला आहे. त्याचा एक कंद एकदाच फुलतो. फुललेल्या कंदाभोवती लहान कंदांचा गुच्छ तयार होतो आणि पुढील बहर या पिल्लांपासून येतो. तीन वर्षे ताटवा हलविला नाही तर एका जागी इतकी पिल्ले होतात की कोणालाच पुरेसे अन्न मिळत नाही. दांडा न येण्याचे कारण हेच असते. मार्चमध्ये पाणी तोडून पात वाळू द्यावी, कंद काढून सावलीत पसरावेत आणि चार-सहा आठवड्यांच्या विश्रांतीनंतर लावावेत. दोन ते तीन सेंटिमीटर व्यासाचे कंद फुलांसाठी घ्यावेत. त्याहून लहान कंद वेगळ्या वाफ्यात वर्षभर वाढवावेत. दोन ओळींत ३० व दोन कंदांत २० सेंटिमीटर अंतर धरले, तर तीन मीटर लांब व एक मीटर रुंद वाफ्यात सुमारे ५० कंद बसतात. पावसाळी लिलीचे कंदही याच सुमारास, ते सुप्त असताना, वेगळे करावेत.

तिसरा आणि मुख्य टप्पा पऱ्हे टाकल्यानंतरच्या तीन आठवड्यांचा. पहिल्या आठवड्यात गवती चहा व वाळा यांचे ठोंब काढावेत, कारण ते अधिक पाऊसही सोसतात आणि लवकर मूळ धरतात. दुसऱ्या आठवड्यात कर्दळ, सोनटक्का व कोचई घ्यावी. कर्दळीच्या प्रत्येक तुकड्याला एक-दोन ठसठशीत डोळे ठेवून सुमारे ४५ सेंटिमीटर अंतरावर लावावे. कोचईचे मधले मोठे गड्डे भाजीसाठी काढून बाजूचे लहान गड्डे लावावेत. तिसऱ्या आठवड्यात केळीच्या बेटाची विरळणी करावी व तुटाळ्या भरून घ्याव्यात.

केळीच्या बाबतीत मुनव्यांची निवड महत्त्वाची आहे. ज्या मुनव्याची पाने तलवारीच्या पात्यासारखी अरुंद असतात आणि बुडखा रुंद असतो, तो जमिनीत खोलवर मातेच्या गड्ड्याशी जोडलेला व सशक्त असतो. रुंद पानांचे, दिसायला मोठे वाटणारे मुनवे वरवर जोडलेले व दुर्बल असतात. लावणीसाठी पहिल्या प्रकारचेच मुनवे घ्यावेत. एका बेटात घडावर आलेले एक झाड आणि त्याची जागा घेणारा एक मुनवा ठेवून बाकीचे काढून टाकावेत.

धुऱ्यावरील उपयोग

वाडीतील विभागणीतून मिळणारे सर्व ठोंब वाडीत मावत नाहीत. शेताचे धुरे ही त्यांची योग्य जागा आहे. सालेकसा, देवरी व अर्जुनी मोरगाव तालुक्यांतील उताराच्या जमिनींवर पहिल्याच जोरदार पावसात धुरे फुटतात आणि खताची माती नाल्याला जाते. वाळ्याची मुळे दोन ते तीन मीटर खोल सरळ खाली उतरतात, आजूबाजूला पसरत नाहीत. त्यामुळे धानाला उपद्रव न होता धुरा बांधला जातो. फिजी बेटांवरील ऊसमळ्यांत १९५० च्या दशकात वाळ्याच्या अशा ओळींचा माती अडविण्यासाठी उपयोग करण्यात आला आणि १९८० च्या दशकात जागतिक बँकेने भारतात या पद्धतीचा पुरस्कार केला. वाळा हे मूळचे या देशाचेच गवत असून त्याच्या पडद्यांचा व अत्तराचा उपयोग येथे पूर्वापार परिचित होता.

वाळ्याची ओळ १५ सेंटिमीटर अंतराने लावावयाची झाल्यास २० मीटर लांबीच्या धुऱ्याला सुमारे १३४ ठोंब लागतात. गवती चहा ६० सेंटिमीटर अंतराने लावल्यास त्याच धुऱ्याला सुमारे ३४ ठोंब पुरतात. प्रत्येक ठोंबात दोन-तीन फुटवे धरावेत. एवढे ठोंब विकत घेणे लहान शेतकऱ्याला परवडणारे नाही. परंतु वाडीत चार-पाच जुनी बेटे असतील, तर दोन पावसाळ्यांत पैसा न खर्चता हे काम पूर्ण होऊ शकते.

बांबू : विभागणीची मर्यादा

या जिल्ह्यातील वनांत आणि वाड्यांत बांबूला विशेष स्थान आहे. सूप, टोपली, कुंपण, मांडव अशा अनेक कामांसाठी तो लागतो आणि बुरूड समाजाची उपजीविका त्यावर चालते. बांबूचे बेटही मधून दाटते. त्याची विभागणी करावयाची असल्यास कडेचा सुमारे एक वर्षाचा बांबू निवडावा, तो तीन-चार फुटांवर छाटावा व जमिनीखालील कंद मुळांसह अलग करून मेअखेरीस किंवा पहिल्या पावसाबरोबर लावावा. पाऊस स्थिरावल्यानंतर बेटाला हात लावू नये. त्या वेळी वास्ते जमिनीतून वर येत असतात आणि एका घावाने पुढील वर्षाचे बांबू नष्ट होतात. जुने बांबू काढताना चालू व गेल्या वर्षाचे बांबू राखावेत, कारण नव्या वास्त्यांना आधार व अन्न त्यांच्याकडून मिळते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. कर्दळ किंवा गवती चहा विभागणीने पुनःपुन्हा तरुण होतात. बांबूचे तसे नाही. मानवेल बांबू कित्येक दशकांनी एकदा सामुदायिकरीत्या फुलतो, बी धरतो आणि मरतो. मूळ बेटापासून वेगळा केलेला कंद वयाने मूळ बेटाएवढाच असतो. तो दुसऱ्या गावी नेऊन लावला, तरी मातेच्या सुमारासच फुलतो. म्हणून बांबूच्या बाबतीत सर्व लागवड एकाच बेटाच्या कंदांपासून न करता बियांपासून तयार केलेली रोपेही लावावीत. भारतीय वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून बांबू २०१७ मध्ये वगळण्यात आल्याने वनाबाहेर, खाजगी जमिनीवर वाढविलेल्या बांबूच्या तोडणी व वाहतुकीतील एक मोठी अडचण दूर झाली आहे. धुऱ्यावरील बांबूचा विचार करण्यास त्यामुळे अधिक वाव मिळाला आहे.

काय टाळावे

ज्या झाडांना एकच खोड वा एकच सोटमूळ असते, त्यांची विभागणी होत नाही. जास्वंद, कण्हेर, कढीपत्ता अशी झाडे कापून दोन करता येत नाहीत. मोगऱ्याची अभिवृद्धी दाब कलमाने करणे इष्ट होय.

रोगट बेटातील रोप कोणालाही देऊ नये. केळीचा पर्णगुच्छ रोग विषाणूमुळे होतो. त्यात पाने आखूड होऊन शेंड्याला गुच्छासारखी दाटतात व घड धरत नाही. रोगट झाडाचा मुनवा दिसण्यास चांगला असला, तरी रोग त्याच्याबरोबर जातो. असे बेट समूळ खणून नष्ट करावे. स्नेहाने दिलेल्या एका मुनव्याने साऱ्या गावाची केळी बुडू शकते. आल्याच्या व हळदीच्या कुजलेल्या गड्ड्यांबाबतही हीच दक्षता घ्यावी.

विभागणीनंतर उरलेला कचरा बोडीत किंवा मामा तलावात टाकण्याची सवय घातक आहे. बेशरम आणि जलपर्णी यांनी तलावांचे किती नुकसान होते, हे या जिल्ह्यातील मासेमारांना सांगण्याची आवश्यकता नाही. पाण्याच्या कडेला पडलेला बेशरमीचा एक तुकडाही मूळ धरतो. कर्दळ व सोनटक्का यांचे गड्डेही ओलसर काठावर सहज रुजतात. म्हणून असे गड्डे उन्हात वाळवून खताच्या खड्ड्यात टाकावेत.

समारोप

एका घरात एखादे वाण असणे म्हणजे ते गावात एकाच ठिकाणी असणे होय. एका वर्षाच्या अवर्षणाने, एका कुजीने किंवा घराच्या नव्या बांधकामाने ते कायमचे जाऊ शकते. तेच वाण विभागून पाच घरांत गेले, तर एका घरातील नुकसान दुसऱ्या घरातून भरून निघते. पूर्वी सासरी जाणाऱ्या मुलीबरोबर हळदीचे बेणे किंवा शेवंतीचा फुटवा जात असे. त्या रीतीत जिव्हाळा होता, तशीच वाण राखण्याची दूरदृष्टीही होती. बचतगटांनी पऱ्हे टाकल्यानंतरच्या एखाद्या ठरावीक दिवशी एकत्र येऊन ठोंबांची व कंदांची देवाणघेवाण केली, तर श्रमही वाटले जातील आणि रोवणीपूर्वी काम उरकेल. शाळांच्या परसबागांनाही यातून रोपे मिळू शकतील. रोगाविषयी शंका असल्यास हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्राचा किंवा तालुका कृषी अधिकारी कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

धान हे घराचे पोट भरते आणि म्हणून त्याचा पहिला मान आहे. परंतु वाडीला वर्षातून लागतात ते मोजके दिवस. ते दिवस पऱ्हे हिरवे होत असतानाच येतात. त्या दिवसांत कुदळ हाती घेतली, तर रोवणी आटोपून घरी परतणाऱ्या गृहिणीला वाडीत नवी पालवी दिसेल, आणि मंडईच्या दिवसांत घरच्या शेवंतीची फुले शेजाऱ्यांनाही देता येतील.